रिकामं ताट परत द्यायचं नाही

आजी : धुतलेलं होतं?

संपदा : धुतलेलं, पुसलेलं. माझ्या दाराशी पायपुसण्यावर नीट ठेवलेलं. मी ते खाली अंगणात ठेवलं होतं आजी, तू सांगितलंस तिथे, कोपऱ्यात.

आजी : आणि दहीभात?

संपदा : एक शीतसुद्धा नाही. ताटात मधोमध एक अक्रोड.

आजी : रिकामं ताट परत धाडलं नाही. कुळवंत आहे हो तुझा जागेवाला. शेजारचं भांडं रिकामं देऊ नये, हे तुझ्या काकूच्या माहेरी अजून पोचलेलं नाही, आणि हा जर्मनीतला असून शिकलेला.

संपदा : अगं, अंगणात अक्रोडाचं झाड आहे. वरून पडला असेल.

आजी : पडतो तो सोलून पडतो का गो?

संपदा : सोललेला होता ते मी तुला कुठे सांगितलं?

आजी : अक्रोड म्हणताना आवाज खाली आणलास. लहानपणी लाडू चोरलास की असाच आणायचीस.

संपदा : शेजारच्यांपैकी कोणीतरी असणार. तळमजल्यावर क्राउझबाई म्हणून म्हाताऱ्या राहतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तिथे खायला ठेवू नका, त्याला सवय लागते.

आजी : कोणाला?

संपदा : मला वाटलं, उंदराला. पुढे काही विचारणार तोवर त्यांनी दार लावून घेतलं.

आजी : दिवसभर पोरांना सांगतेस, विचारा, विचारा, आणि स्वतःची वेळ आली की दातखीळ. मास्तरीण कसली तू.

संपदा : इथे असं दार वाजवून चौकशा करत नाहीत कोणी. आणि मला हे पटतच नव्हतं. तू अमावास्या अमावास्या करून डोकं खाल्लंस म्हणून ठेवला भात.

आजी : देवगड असो की तुझं ते ड्रेस्डेन, जागेला धनी असतोच. पेटी घेऊन एखाद्याच्या घरात शिरायचं आणि त्याला साधं विचारायचं नाही, ही कुठली रीत?

संपदा : रीत राहू दे. जागेवाल्याला गाऱ्हाणं घालताना तू मोबाईलवरून काय काय बोललीस? हिचा पाय इथे ठरू दे, ही परत येता कामा नये?

आजी : मग काय चुकलं? तुझा काका शशिकांत दुबईला गेला आणि आंबे संपायच्या आत परत आला. गाव अजून त्याला दुबईशेठ म्हणतं. एका घरातून दोनदा हसं करून घ्यायचं नाही. तू तिथे रहा, ताठ मानेने शिकव, आणि अक्रोड खा.

संपदा : खाल्ला नाही मी तो.

आजी : का? पाहुण्याने दिलेलं टाकायचं नसतं.

संपदा : पाहुणा कोण आहे यातला, तेच मला कळेना.

*

संपदा : आजी, दाराशी पुन्हा ताट. या वेळी मी ठेवलंच नव्हतं.

आजी : मग दाराशी आलं कुठून?

संपदा : माझ्याच कपाटातलं, निळ्या काठाचं. दाराला कुलूप, किल्ली माझ्याकडे, आणि मी हॅनोव्हरला माझ्या मैत्रिणीकडे, वल्लरीकडे. आले तर ते बाहेर, पायपुसण्यावर. त्यात माझा हातमोजा.

आजी : सापडला ना, मग झालं.

संपदा : तो मी जाताना गाडीत विसरले होते. हॅनोव्हरच्या फलाटावरून मला तो खिडकीशी पडलेला दिसला. दारं लागली आणि गाडी पुढे निघून गेली.

आजी : मोजा ओला होता की कोरडा?

संपदा : कोरडा. आणि ऊन. आत्ताच कोणीतरी हातातून काढावा तसा.

आजी : राखणदार आहे, राखण केली. पोरीची वस्तू पोरीला आणून दिली. यात घाबरण्यासारखं काही नाही.

संपदा : हे तू मला सांगतेयस की स्वतःला?

आजी : तोंड वाढलंय तुझं थंडीने.

संपदा : बरं, दुसरं ऐक. नाताळात किटा बंद असते.

आजी : बालवाडी म्हण.

संपदा : बालवाडी बंद असते. मी तिकीट काढलंय. घरी येतेय, सुट्टीपुरती. शशिकांतकाका म्हणाला, तुला हल्ली विहिरीपर्यंत जायलासुद्धा धाप लागते.

आजी : त्याला बातम्या पोचवण्यापलीकडे येतं काय. मला काही झालेलं नाही.

संपदा : मला तुला बघायचंय. मोबाईलवर नाही, समोर.

आजी : ये मग. सुट्टीत आलीस तर त्यात हसण्यासारखं काही नाही. सांगीन मी लोकांना.

संपदा : पण एक झालं. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचं कुटुंब आहे, देवश्रीताईंचं. त्यांची अन्वी माझ्याच वर्गात. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून देते. आज मी मुलांना सांगितलं, मी सुट्टीत घरी जाणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही पुतळ्यासारखी बसून. म्हणाली, डेर ओंकेल सागट नाइन.

आजी : म्हणजे?

संपदा : काका नाही म्हणतो.

आजी : कुठला काका?

संपदा : तेच मी विचारलं. तर ती माझ्या मागे बघायला लागली.

*

आजी : विमानतळावरनं बोलतेस ना? मागे एवढा अंधार कसला?

संपदा : घरातून. विमान गेलं, आजी.

आजी : गेलं म्हणजे? झोपलीस? तुझ्या बापासारखी झोपलीस?

संपदा : सकाळी निघाले. ट्रॅममध्ये बसले, स्टेशन आलं म्हणून उतरले, तर आमचीच गल्ली. वाटलं, उलट्या बाजूची पकडली. समोरची घेतली. उतरले, पुन्हा गल्ली. मग टॅक्सी केली. त्या माणसाला स्पष्ट स्टेशन सांगितलं. त्याने आमच्या फाटकाशी आणून उभी केली आणि म्हणाला, बाई, तुमचा पत्ता आला.

आजी : चकवा.

संपदा : मला वाटलंच तू हे म्हणणार.

आजी : चकवा रानात लागतो, बांधावर लागतो. ट्रॅममध्ये लागलेला मी ऐकला नव्हता. पायातलं उलटसुलट घातलंस का?

संपदा : घातलं. भर बर्फात, उजवा बूट डाव्यात. लोक थांबून बघत होते. फरफटत चालत गेले, तरी आमचंच फाटक. फाटकाशी ताट होतं. ताटात पासपोर्ट.

आजी : तो तुझ्या पर्समध्ये नव्हता?

संपदा : पर्समध्येच होता. चेन लावलेली. अजून लावलेलीच आहे.

आजी : रडू नको. उद्याचं तिकीट काढ, पैसे शशिकांत देईल, दुबईचे.

संपदा : मी रडत नाहीये गं. तेच तर सांगायचंय. फाटक दिसलं आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, कोणी आपली वाट बघत थांबावं तसं. आत्ता मी खिडकीशी उभी आहे, खाली अंगण दिसतंय, आणि सुट्टीत मी कुठे निघाले होते, ते मला आठवावं लागतंय.

आजी : संपदा.

संपदा : हं.

आजी : आपल्या घरासमोर काय आहे?

संपदा : विहीर.

आजी : विहिरीला लागून?

संपदा : ... अक्रोड.

आजी : फणस आहे गो तिथे. जन्मभर त्याच्या आठळ्या खाल्ल्यास तू.

संपदा : फणस. हो. फणस.

आजी : खिडकी सोड. दिवा लाव आधी. लावलास? आता मी निघताना दिलेली माझी चंची, ती काढ.

संपदा : पानसुपारीची? त्यात मी वर्गातल्या पेन्सिली ठेवते.

आजी : ओत बाहेर. जिच्या कप्प्यात माझी सगळी हयात गेली, तिच्यात पेन्सिली. असो. चंची ताटात ठेव, आणि ताट नि मोबाईल घेऊन खाली जा. मी बोलते त्याच्याशी.

संपदा : त्याच्याशी काय बोलणार आहेस?

आजी : शब्द माझा होता, मीच उचलायचा. तू मास्तरीण तुझ्या वर्गात. चल.

संपदा : ... आले. ताट ठेवलं, झाडाखाली.

आजी : मोबाईल त्याच्याकडे तोंड करून धर.

संपदा : कोणाकडे? इथे कोणी नाही.

आजी : कुठे आहे तो ते मला दिसतंय. जरा डावीकडे. आणखी. हां, बस्स. हात हलवू नको.

संपदा : आजी...

आजी : गप्प. बा जागेवाल्या, मी कुसुम, हिच्या बापाची आई. तुझी भाषा मला येत नाही. मला माझीसुद्धा धड लिहिता येत नाही, पण बोललेलं मी विसरत नाही, आणि तूही विसरलेला नाहीस. गेल्या खेपेला मी म्हटलं, हिचा पाय इथे ठरू दे. तू शब्द पाळलास, बरं केलंस. पण पाय ठरावा म्हटलं होतं मी, पाय बांध नव्हतं म्हटलं. एवढं तुला कळायला हवं होतं. तुझ्याएवढ्या जुन्या माणसाला सांगावं लागतं, याची मलाच लाज वाटते.

संपदा : आजी, हळू बोल, पानं हलतायत.

आजी : झाडाला पानं आहेत का या दिवसांत?

संपदा : ... नाहीत.

आजी : मग खाली बघ आणि उभी रहा. ऐकतोयस ना बाबा? ताट रिकामं परत द्यायचं नाही, ते तू मला शिकवू नको. पोर माझी मी परत मागते, तर बदल्यात ताटात काही हवंच. तुला सोबत हवी. किती वर्षांत तुझ्याशी कोणी दोन शब्द बोललेलं नाही, ते तुझ्याकडे बघून कळतंय. पण ही तुझ्या काय कामाची? मुखदुर्बळ कार्टी, दार लावून मोबाईल बघत बसते. मी अख्ख्या वाडीला पुरून उरलेय तोंडाने. ती बघ माझी चंची. जिथे चंची तिथे कुसुम, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. फक्त आधी हिला माझ्या उंबऱ्याशी येऊ दे. भाकरतुकडा ओवाळू दे. मग मी येते.

संपदा : काय कबूल केलंस तू?

आजी : जाणत्यांच्या बोलण्यात पडू नये. निघ. आत्ता, या पावली. मागे वळून बघायचं नाही.

संपदा : आणि ताट?

आजी : राहू दे तिथेच. तो परत करील.

*

(व्हिडिओ कॉल. ड्रेस्डेनच्या घरातून देवश्री; संपदा देवगडला, आजीच्या माजघरात.)

देवश्री : तुझा मेसेज आज बघितला गं. आल्झो, म्हणजे, काय बोलावं कळत नाही. भेट तरी झाली ना?

संपदा : झाली. देवश्रीताई, त्या दिवशी ट्रॅमने मला सरळ स्टेशनवर नेलं. जसं मधलं काही झालंच नव्हतं. विमानाचं तिकीट नवं काढलं. इथे पोचले तर आजी दारात उभी, काकाचा हातसुद्धा न धरता. भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाली, वाळलीस, नुसता पाव गिळतेस वाटतं. मला शेजारी बसवून जेवली. मग आडवी झाली आणि म्हणाली, चला, बसून राहिलाय तो बिचारा. काकाला वाटलं, त्यालाच म्हणते.

देवश्री : आणि मग?

संपदा : मग काही नाही. चहाला हाक मारली तर उठली नाही.

देवश्री : अरे देवा. आणि इकडे...

संपदा : बोला ना. काहीतरी सांगायचंय तुम्हाला.

देवश्री : ही वेळ नाही गं त्याची. पण तुझ्या दाराशी एक ताट होतं, निळ्या काठाचं. कोणाचा पाय पडेल म्हणून मी वर आणून ठेवलं. स्वच्छ धुतलेलं होतं.

संपदा : आत काय होतं?

देवश्री : सुपारी. कातरलेली. इतकी बारीक मी माझ्या सासूबाईंच्या हातचीसुद्धा बघितली नाही.

संपदा : आणि चंची? कापडाची, कप्प्यांची?

देवश्री : ती नव्हती. अंगणातही कुठे दिसली नाही.

संपदा : बरं.

देवश्री : बरं काय? मी घाबरलेय, संपदा. अन्वीला त्या कोपऱ्याची भीती वाटायची, फाटकातून धावत यायची. आता तिला वर आणावं लागतं. अक्रोडाखाली बसते आणि बोलत राहते, मराठीत. मी आणि हिचे बाबा जन्मापासून मागे लागलोय, आमच्याशी एक वाक्य धड बोलली नाही. विचारलं, कोणी शिकवलं? तर खालच्या आजीने. क्राउझबाई? तर हसली मला.

संपदा : आणि तिचा तो काका?

देवश्री : तुला माहितीये? तेही विचारलं मी. म्हणाली, आहे ना, बसलेला असतो. पण त्याला मध्ये बोलायला मिळत नाही.

संपदा : फोन तिला द्या.

देवश्री : नको गं.

संपदा : द्या, देवश्रीताई. काही होणार नाही.

अन्वी : संपदामावशी?

संपदा : अन्वी, बाळा, आजी काय म्हणते?

अन्वी : थांब, विचारते. म्हणते, यायचं तर ये, राहायचं तर राहा. तुझ्यावाचून इथे कोणाचं अडलेलं नाही.

संपदा : बरं, सांग तिला.

अन्वी : ऐकलं तिने. पण आलीस तर सुपारी आण म्हणते. इथे मेली मिळत नाही गो.