बाथरूममधला निळा ड्रम

घर विकायला काढलंयस ना, मग आमचं काय झालं ते ऐक. बोळिंजचा फ्लॅट दाखवायच्या आदल्या दिवशी एजंट म्हणाला, "वहिनी, बाथरूममधला तो निळा ड्रम आधी हलवा. ड्रम दिसला की गिऱ्हाईक पाण्याचं विचारतं." आम्ही नवरा-बायकोनी तो रिकामा करून समोरच्या काकूंकडे नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याहून एक बाई आल्या. माझे नवे पडदे त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत, थेट बाथरूममध्ये शिरल्या. ड्रमच्या जागी फरशीवर गोल डाग होता. घासघासून हात दुखले, तरी तो काही गेला नव्हता.

"पाणी रोज येतं?" त्यांनी विचारलं.

"रोज येतं," मी म्हटलं. इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाई त्या डागाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेजारी ठेवलात का?"

माझी मान खाली गेली.

"असू दे हो. आमचाही फ्लॅट विकायचाय. सकाळीच आमचा ड्रम नणंदेकडे ठेवून आलेय. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे. त्यांनी हेच विचारलं, तर मी काय सांगू?"