सेलला तीन उन्हं

काटकसर शिकावी तर आमच्या ह्यांच्याकडून. रेल्वेतली बदली होऊन जयपूरला आलो, तर लोकांना तिथे राजवाडे दिसतात, ह्यांना ऊन दिसलं. "फुकट आहे गं, वापरू या!" ट्रान्झिस्टरचे सेल संपले की हे ते गच्चीवर वाळत घालायचे, शेजारच्या भाभीजींच्या मुगाच्या वड्यांशेजारी. म्हणे उन्हाने सेल पुन्हा भरतात.

त्या रविवारी आमच्या मुलीचं गाणं रेडिओवर लागणार होतं. म्हटलं, "आज तरी नवे सेल आणा."

"तीन उन्हं दिलीत, नव्यासारखे झालेत," म्हणत हे हातातली पोळी खात ऐटीत गच्चीवर गेले. पाठोपाठ आरडाओरडा. मी धावत गेले तर एवढ्या वड्या सोडून माकड कठड्यावर एक सेल घेऊन बसलेलं, आणि आमचे हे त्याच्यापुढे पोळी धरून, "दे रे राजा, दे."

भाभीजी म्हणाल्या, "भाईसाहब, चखने दो, खुद ही छोड़ देगा."

माकडाने सेल चावला, तोंड वाकडं केलं, तो ह्यांच्या अंगावर फेकला आणि पोळी घेऊन गेलं. ह्यांनी सेल लेंग्याला पुसला आणि बाकीच्यांबरोबर ट्रान्झिस्टरमध्ये घातला. ट्रान्झिस्टर एकदा खरखरला आणि गप्प झाला.

लेकीचं गाणं ऐकलं ते भाभीजींच्या रेडिओवर. घरी येताना हे म्हणतात कसे, "अजून एक ऊन द्यायला हवं होतं."

म्हटलं, "अहो, त्यात काही उरलं नाही, हे माकडाला एका चाव्यात कळलं."