इंग्रजीच्या तासाचा नियम

इंग्रजीने माणूस शहाणा होतो म्हणता? मग आमच्या आठवीच्या सरांचं ऐका.

सर मूळचे वालावलचे, बोली आमचीच. पण कोल्हापुरात मास्तरकीचं बी.टी. करून आले आणि माका-तुका विसरले. तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. आम्हाला एबीसीडी लिहिताना घाम फुटायचा, आणि सरांनी पहिल्याच महिन्यात फतवा काढला: इंग्रजीच्या तासाला जो मालवणी बोलेल, तो बाकावर उभा राहील.

एकदा पुढच्या बाकावरची शेवंती ओरडली, "सर, तुमच्या पायाकडे..."

"इन इंग्लिश!"

"पण सर, थंय..."

"इंग्लिश! नाहीतर बाकावर!"

सरांच्या खुर्चीखाली विषारी फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. फुरशाला इंग्रजीत काय म्हणतात, हे तिला कुठून ठाऊक असणार? अख्ख्या वर्गाला पूर्ण वाक्य येत होतं ते एकच. ती उठली. "मे आय गो आऊट, सर?"

"गुड! गो!"

शेजारच्या वासूने वाकून पाहिलं आणि तोही उठला. "मे आय गो आऊट, सर?" मग मी. मग एकामागून एक सगळा वर्ग. सर प्रत्येकाला "व्हेरी गुड" म्हणत होते. इतकं इंग्रजी त्या शाळेत कधी कुणी बोललंच नव्हतं!

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी खाली पाहिलं. आम्ही खिडकीत होतोच.

"धावा रे, फुरसां! मेलंय रे, मी मेलंय!"

सर बाकावर उभे होते आणि मालवणीत बोंबलत होते. नियम म्हणजे नियम.