झेंडा साहेबाचा, आसरा राजाचा

मंडळी, एक सांगा, बलवान कोण? ज्याच्याकडे तोफ आहे तो? घाईनं माना डोलवू नका! ऐका.

आफ्रिकेत लुवांडे नावाचं राज्य. नकाशात शोधत बसू नका, आख्यान आहे! राजा ओसेंगा. त्याच्या दारी आला गोरा कप्तान हार्टविक. अंगात लोकरीचा कोट — त्या उन्हात! घामानं निथळतोय, पण एक बटण सोडील तर शपथ! बरोबर चार गोरे शिपाई, एक दुभाष्या, आणि मागं हमालांची ही लांब रांग. त्यांच्या डोक्यावर तोफेचे सुटे भाग, दारूगोळा, साहेबाचं पिण्याचं पाणीसुद्धा! आणि हमाल कुठले? लुवांडेचेच! पोटासाठी आलेले बिचारे.

कप्तान दुभाष्याला म्हणाला, "सांग राजाला, आजपासून हा मुलूख आमच्या सरकारचा!" आणि राजाच्या अंगणात झेंड्याची काठी रोवली — खस्सकन!

आता तिथला रिवाज ऐका. ज्याला कुठं थारा नाही, त्यानं राजाच्या अंगणात काठी रोवायची. म्हणजे काय? 'महाराज, मी निराधार, पदरात घ्या!' कप्तानानं विचारलं होतं का कुणाला? साहेब कसला विचारतोय!

राजाला समोर तोफ दिसत होती हो! पण तो उठला, हसला, आणि कप्तानाला कडकडून मिठी मारली. "दिला आसरा, लेकरा! तुझ्या सरकारलाही दिला!"

दुभाष्यानं अर्थ सांगितला. कप्तान लालबुंद! "तोफ जोडा! उडवा राजवाडा!"

राजा हमालांकडे वळला. "बाबांनो, आसरा घेतलेला माणूस यजमानावर उलटला, तर काय करायचं?"

हमालांचा म्होरक्या तुंबा म्हणाला, "महाराज, त्याचं ओझं वाहायचं नाही. बापजाद्यांनी वाहिलं नाही, आम्हीही नाही वाहणार." आणि धप्प! तोफेचं चाक खाली. मग धप्प, धप्प — सगळी रांग मोकळी! आणि जो तो आपापल्या ओझ्यावर ठिय्या देऊन बसला. चार शिपाई ओढून थकले. एक पेटी हलेना!

राजा म्हणाला, "आश्रिताला आम्ही हाकलत नाही. जायचं तर काठी तूच उपट." उपटली हो! स्वतःच्या खांद्यावर टाकून गेला!

मंडळी, तोफेला पाय नव्हते, पाय हमालांचे होते. गावात ज्याच्या नावानं आपण चळाचळा कापतो, त्याचा बोजा कुणाच्या डोक्यावर आहे? हात लावून बघा! दोन्ही हातांनी त्याचं ओझं धरलंय, मग देवापुढं टाळी कशी वाजायची? ठेवा खाली! आता हात मोकळे झाले? वाजवा!