मिर्सिनी बोलली

एजिना बेटाच्या बंदरावर परतीच्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे सहलीच्या दोन शाळकरी मुली उभ्या होत्या.

"मिर्सिनी, वर्गात तू हजेरीलासुद्धा नुसता हात वर करतेस. आणि आज देवळासमोर अर्धा तास बोललीस."

"बाईंचा आवाज बसला, झिनोव्हिया. त्यांनी देवळाच्या माहितीचा कागद माझ्याच हातात दिला."

"तो तर वाऱ्याने उडाला."

"म्हणून तर डोळे मिटले आणि बोलत सुटले."

"गोष्टीत देवीमागे धावणाऱ्या राजाचं नाव चुकलीस."

"देवी त्याच्या हातून निसटली, ते तर बरोबर सांगितलं ना?"

"अगं, परक्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. एका आजीने तुला गाईड समजून पिस्ते दिले."

"घे, खा. हसू नकोस."

"तूच हसतेयस."

"थांबतच नाहीये."

"बोटीत तासभर जाईल. जरा गप्प बसशील?"

"नाही."