पाण्याच्या वतीनं

सफदर : चहा नको, बानू. खरंच नको.

गुलअंदाम : दोनदा नको म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात तर खरं समजेन आणि पेला उचलून नेईन.

सफदर : ...द्या.

गुलअंदाम : हं. साखरेचा खडा दातात धरा आणि बोला. सकाळपासून भुयारात होतात. सगळं गाव डोळ्यांत प्राण आणून बसलंय. कारीजचं, आपल्या भुयारी पाटाचं, पाणी का आटलं?

सफदर : गावाला अजून सांगितलं नाही. आधी तुमच्याकडे आलो.

गुलअंदाम : माझ्याकडे कशाला? कदखुदा आहे की, गावचा कारभार त्याच्याकडे.

सफदर : कारभार त्याच्याकडे. पण पाण्याची बायको तुम्ही. नवऱ्याची तब्येत आधी बायकोला सांगावी.

गुलअंदाम : बावीस वर्षं झाली, तरी थट्टा जुनी होत नाही लोकांची.

सफदर : थट्टा नाही केली. मी लग्नाला होतो.

गुलअंदाम : होतात. तेव्हाही असंच आटलं होतं. म्हाताऱ्या म्हणाल्या, आपला कारीज नर आहे, एकटा कंटाळलाय, बायको करून द्या. मी सव्वीस वर्षांची, नुकती रांडावलेली. नवरी शोधायला लांब जावं लागलं नाही त्यांना.

सफदर : तुम्ही नाही म्हणू शकला असता.

गुलअंदाम : भाऊजयीच्या घरात भाकरी मोजून मिळत होती, उस्ताद. इथं वर्षाला चार पोती गहू, स्वतःची चूल. आणि काम काय, तर महिन्यातून एकदा पायऱ्या उतरून त्या अंधारात आंघोळ करायची. खरं सांगू? वाईट नाही तो. थंडीत कोमट असतो, उन्हाळ्यात गार. पहिल्याला दोन्ही जमलं नव्हतं.

सफदर : चांगलाच हसवता की. मी मात्र त्याला खुनी म्हणतो.

गुलअंदाम : तुमच्या वडिलांना नेलं त्यानं. तुम्ही म्हणा.

सफदर : बाया काय म्हणतायत ऐकलंत? तुमचं मन भरकटलं, म्हणून तो रुसला.

गुलअंदाम : ऐकलं.

सफदर : भरकटलं?

गुलअंदाम : चहा थंड होतोय.

सफदर : बरं. ऐका तर. वरच्या अंगाला, बदामाच्या झाडापाशी भुयारात उतरायची जी विहीर आहे ना, तिच्या तळाशी भुयाराचं छत बसलंय. माती आडवी आली. मी दिवा ठेवला, मातीला कान लावला. पलीकडे पाणी आहे, बानू. पुष्कळ आहे. झोपेत कुणी पुटपुटावं तसं बोलत होतं.

गुलअंदाम : काय म्हणत होतं?

सफदर : तुमचं नाव नाही घेतलं.

गुलअंदाम : बायकोचं नाव परक्या पुरुषापुढे घेत नाही. घरंदाज आहे. किती दिवसांचं काम?

सफदर : एका दिवसाचं.

गुलअंदाम : मग तोंड असं का केलंय?

सफदर : कारण हे फक्त मला ठाऊक आहे. वर रहाट ओढणाऱ्यालाही नाही. मी उद्या म्हणालो की झरा मेला, तर मेला. गाव रडेल, मग इंजिनाची विहीर खणेल. आणि तुम्ही विधवेसारखी चार महिने दहा दिवस इद्दत पाळाल आणि मोकळ्या व्हाल. मग मी कदखुदाकडे जाऊन उघड मागणी घालीन. माती काढली तर मात्र संपलं. लोक म्हणतील, बायकोच्या पायगुणानं आलं, आणि मरेपर्यंत तुम्हाला सोडणार नाहीत. काय करू, सांगा. तुम्ही म्हणाल ते.

गुलअंदाम : स्वप्नात येतो तो माझ्या, माहीत आहे? तोंड नसतं. नुसता अंधारात वाहत असतो, आणि मी काठानं चालत असते. कधी काही मागत नाही. असल्या माणसाचा गळा दाबायला मला सांगताय?

सफदर : माणूस नाही तो.

गुलअंदाम : साठ घरं आहेत. डाळिंबं आहेत. इंजिनाची विहीर होईपर्यंत काय पिणार लोक, तुमचं नि माझं सुख? माती काढा, उस्ताद.

सफदर : ठीक आहे. काढतो. मग हा शेवटचा चहा समजायचा.

गुलअंदाम : बसा खाली! लग्नात तुम्ही कुठं बसला होतात?

सफदर : नवऱ्याच्या जागी. पाण्याला तोंड नाही, त्याच्या वतीनं होकार कोण देणार? मुल्ला म्हणाले, याच्याइतकी पाण्याची ओळख कुणाला नाही, यालाच वकील करा.

गुलअंदाम : मला दोनदा विचारलं. रीतीप्रमाणे बाया म्हणाल्या, नवरी फुलं वेचायला गेलीय. मग म्हणाल्या, नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा मी हो म्हटलं. आणि मग तुम्ही...

सफदर : कबूल म्हणालो.

गुलअंदाम : ज्यानं त्याच्या वतीनं कबूल म्हटलं, तो त्याच्या वतीनं तलाकही म्हणेल. नवऱ्यानं मुखत्यारी दिली तर चालतं, तालुक्याला विचारून आलेय मी.

सफदर : कधी?

गुलअंदाम : झाली सहा वर्षं. तुम्ही तोंड उघडायची वाट बघत होते. मोकळा झाला की त्याला सांगा, बायकोनं तुझा जीव राखला, आता तिला जाऊ दे. आणि गाव ओरडलं तर कौकब खाला आहे ना! सत्तरीची विधवा. कधीची म्हणतेय, मला द्या तो, गहूही मिळेल आणि घोरतही नाही.

सफदर : हसू नका, बानू. तुंबलेलं पाणी आहे. शेवटचं फावडं मारलं की ते आधी मारणाऱ्याच्या अंगावर येतं. बापाला तसंच नेलं. त्यानं तलाक देण्याऐवजी मलाच ठेवून घेतलं तर?

(गुलअंदाम उठते. तिनंच धुऊन दोरीवर वाळत घातलेला त्याचा कामाचा पांढरा सदरा काढून घडी घालू लागते.)

गुलअंदाम : उद्या पांढरा घालू नका.

सफदर : भुयारात आम्ही पांढराच घालतो. अंधारात सापडायला बरा. नाही सापडलो, तर वेगळं कफन लागत नाही.

गुलअंदाम : मग चार महिने दहा दिवस तुमची इद्दत पाळीन. लग्नावाचून. गावाला तोंड आहे, बोलू दे.

सफदर : ...तुम्ही भीती घालवली की वाढवली, तेच कळेना.

गुलअंदाम : दिवा मंदावला की परत या. माती थोडी थोडी काढा, घाई नको. आणि एक. तेव्हा कबूल म्हणताना तुमचा आवाज कापला होता.

सफदर : थंडी होती.

गुलअंदाम : तुती पिकल्या होत्या, उस्ताद. भर उन्हाळा होता.

सफदर : तुम्हाला ऐकू आलं होतं?

गुलअंदाम : पाणी तर काहीच बोललं नव्हतं. दुसरं ऐकण्यासारखं होतं काय तिथं? हा घ्या सदरा. उद्या त्याच्या वतीनं बोलाल, तेव्हा आवाज कापू देऊ नका.