नाट्यमंडळातला राजे हरवल्याबाबत

जबाब देणारी: विद्यार्थिनी, वय एकवीस, धंदा शिक्षण (पदवीचे शेवटचे वर्ष, परीक्षा झाली, निकाल बाकी), राहणार कॉलेजचे मुलींचे वसतिगृह, दुसरा मजला. टोपणनाव टाचणी.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, हवालदार मॅडमनी विचारल्याप्रमाणे सांगते की, मी वरील ठिकाणी पहिल्या वर्षापासून राहते आणि कॉलेजच्या नाट्यमंडळात प्रॉम्प्टरचे काम करते. प्रॉम्प्टर म्हणजे काय, असे मॅडमनी विचारले. नाटक चालू असताना विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड, संहिता मांडीवर घेऊन बसायचे आणि नट अडला की त्याला त्याचे वाक्य हळूच द्यायचे, हे माझे काम. कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला तरी मी टोचते, म्हणून मला टाचणी म्हणतात. त्याचे मला वाईट वाटत नाही.

हरवलेला इसम माझ्याच वर्गातला आणि मंडळाचा मुख्य नट आहे. उंच, रंग सावळा, हसायच्या आधी खाली बघतो. शेवटची गोष्ट वर्णनात बसत नाही असे मॅडम म्हणाल्या, पण मी ती लिहून घ्यायला लावली. पहिल्या वर्षी तो एका नाटकात राजा झाला होता. ऐन लढाईत तलवार म्यानातून निघेना, तेव्हा त्याने म्यानासकट लढाई जिंकली. तेव्हापासून तो राजे. नाव मानाचे असले तरी आम्ही त्याला अरेतुरेच करतो, म्हणून जबाबातही तसेच लिहावे.

काल संध्याकाळी कॉलेजच्या सभागृहात शेवटच्या वर्षाच्या निरोपाचा कार्यक्रम होता. आमच्याकडे पद्धत अशी की, जाणारी मुले आपली सगळ्यात गाजलेली एकांकिका एकदा शेवटची करतात आणि मग सगळ्यांनी मिळून सेट उतरवायचा. शेवटचा खिळा निघेपर्यंत कुणी जायचे नाही. आमच्या एकांकिकेत एक भाडेकरू खोली सोडून जातो. शेवटी तो सूटकेस घेऊन दारात थांबतो, घरमालकिणीला म्हणतो, "किल्ली खिळ्याला अडकवलीये. येतो मी," आणि जातो. पडदा.

इतर नाटकांत राजे अडायचा. अडायच्या आधी त्याचा श्वास बदलतो, तो मला विंगेतून कळतो. मग मी वाक्य देते आणि तो पुढे जातो. लोकांना कधी पत्ता लागला नाही. मात्र या एकांकिकेत तो एकदाही अडलेला नव्हता.

सूटकेस नाटकात रिकामी असते. काल ती उचलताना त्याचा खांदा चांगला खाली गेला. मी मनात म्हटले, चला, शेवटच्या दिवशी का होईना, अभिनय सुधारला.

तो दारात थांबला. घरमालकीण झालेली मुलगी समोर उभी होती, पण तो माझ्या विंगेकडे बघत होता. "एक सांगायचं राहिलंय," असे तो म्हणाला. हे वाक्य संहितेत नाही. मला वाटले, गडबडला. मी हळूच म्हटले, "किल्ली खिळ्याला." तो गप्पच. मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हटले. पहिल्या रांगेत बसलेल्या प्राचार्यांनाही ते ऐकू गेले असावे. मग तो खाली बघून हसला, "किल्ली खिळ्याला अडकवलीये. येतो मी," म्हणाला आणि दारातून बाहेर पडला. टाळ्या पडल्या.

नटांनी ओळीने उभे राहून नमस्कार केला तेव्हा तो ओळीत नव्हता. मंडळात प्रकाशयोजना करणारा एक मुलगा आहे, त्याला ट्यूबलाइट म्हणतात, कारण विनोद त्याला उशिरा कळतो. तो म्हणाला, "अगं, तोंड धुवायला गेला असेल." सेट उतरवून झाला तरी राजे आला नाही. फोन बंद. मुलांच्या वसतिगृहातली त्याची खोली उघडी होती. आत गुंडाळलेली गादी होती आणि दुसरे काही नव्हते.

यावर मॅडम म्हणाल्या, "सामान घेऊन गेलाय म्हणजे आपणहून गेलाय. हरवला कुठं?"

मी सांगितले की, निरोप न घेता तो जाणार नाही. निरोप घेतलेला नाही, म्हणजे हरवला आहे.

मॅडमनी विचारले की, घरी भांडण, व्यसन, प्रेमप्रकरण असे काही आहे का. भांडण नाही, व्यसन नाही. तिसऱ्याबद्दल मला माहीत नाही. "आणि तुझा कोण लागतो?" मी म्हटले, "मी त्याची प्रॉम्प्टर आहे." मॅडमनी पेन खाली ठेवले. "म्हणजे कोणी नाही असं लिहू?" मी म्हटले, "नाही. प्रॉम्प्टर लिहा."

आज सकाळी मी कॉलेजच्या ऑफिसात त्याच्या घरचा नंबर मागितला. असे नंबर देता येत नाहीत, असे क्लार्कने सांगितले. मुली सामान बांधून जात आहेत, ग्रंथालयापुढे पुस्तके परत करणाऱ्यांची रांग आहे, आणि फलकावर आमच्या तालमीची सूचना अजून तशीच आहे. ती वाचत मी उभी राहिले. खरे सांगायचे तर मला त्याची फार आठवण येत होती, आणि त्याला जाऊन एक दिवसही झाला नव्हता. पुढच्या दिवसांचे काय करायचे ते मला समजेना. म्हणून मी इथे आले.

त्यानंतर मॅडमनी ऑफिसातून नंबर मिळवला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवून, स्पीकरवर फोन लावला. फोन त्याच्या मोठ्या बहिणीने घेतला. "हो, घरीच आहे की. रात्रीच्या गाडीनं आला, वर झोपलाय. का हो, काय केलं त्यानं?"

"काही नाही ताई, घाबरू नका. त्याच्या कॉलेजातली एक मुलगी आलीये, तो हरवलाय म्हणून."

त्या म्हणाल्या, "टाचणी का?"

मी हो म्हटले.

"अगं, काय केलंस तू त्याला? आल्यापासून तोंड पाडून बसला होता. म्हणे, धीर करून बोलायला गेलो, तर तिनं मला वाक्य दिलं. तिला ऐकायचंच नव्हतं, कळलं मला."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटले, "ताई, मला वाटलं तो विसरला."

"मग हे मला काय सांगतेस? उठवू का त्याला?"

मॅडमनी फोन उचलून माझ्या हातात दिला. मी म्हटले, "उठवा. मी थांबते."

सदर इसम सापडल्यामुळे तो हरवल्याची माझी तक्रार आता राहिलेली नाही. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.

ताई वर त्याला उठवायला गेल्या असताना मॅडमनी हा जबाब मला हलक्या आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. उजव्या हातात फोन असल्यामुळे सही डाव्या हाताने केली आहे.